शनी पार करणारी हिरवी पट्टी

अहो, पत्रिका जुळवायचं मी बनवलेलं सॉफ्टवेअर नाशिकच्या एका गुरुजींकडे आहे ना, त्याची गंमत ऐका. बटण दाबलं की निकाल येईपर्यंत स्क्रीन नुसती गोठलेली. एकदा देवळ्याहून आलेले एका मुलीचे वडील ते बघून उठलेच, "मशीनच अडलं! हा योग नाय."

गुरुजींचा मला फोन, "अहो, चांगलं स्थळ मोडतंय!"

मी त्याच दिवशी सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी टाकली. सरकणारी हिरवी पट्टी आणि वर अक्षरं: 'मंगळ तपासतोय', 'शनी तपासतोय'.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दोन्हीकडच्यांना पुन्हा बोलावलं, सगळे स्क्रीनकडे बघत बसलेले. शनीपाशी पट्टी जरा रेंगाळली, मग सरकली, तशी मुलीची आई ओरडली, "शनी गेला!"

पट्टी भरली, लग्न ठरलं.

मांडवात मुलीच्या वडिलांनी मला टॉवेल-टोपी दिली आणि माइकवर म्हणाले, "गुण गुरुजींनी जुळवले, पण शनी या माणसानं सरकवला!"