थेट उघडणारी फाइल

चहा घ्या, पण आज हसू नका. चाकणच्या माझ्या वर्कशॉपच्या वेबपेजवर जॉबच्या, म्हणजे मशीनवर बनवायच्या भागांच्या, मापांची फाइल होती. लिंक दाबली की ती थेट एक्सेलमध्ये, बदल करायलाच उघडावी, हे मी स्वतः शिकून जमवलं होतं.

ऑपरेटर शिंदे म्हणाला, “काकू, नुसती वाचायला ठेवा. चुकून बोट लागायचं एखाद्याचं.”

“मला शिकवतोस?”

पुढं एक माप बदललं गेलं आणि अख्खा लॉट भंगारात गेला. मी शिंद्यालाच सगळ्यांसमोर झापलं. तो निमूट काम सोडून गेला.

महिन्यानं फाइलमध्ये कुणी काय बदललं त्याची नोंद पाहिली, तर तो बदल माझ्याच नावावर.

तळेगावला त्याच्या नव्या कंपनीच्या गेटवर त्याला गाठलं. म्हणाला, “मी त्याच दिवशी पाहिलं होतं, काकू.”

“मग बोलला का नाहीस, मेल्या?”

“सगळ्यांसमोर?”