साठाचं शून्य

हसू नका, पण मीही मोबाइलवर गेम खेळत होतो. माझी नात मधुरा त्या गेमच्या कंपनीत आहे. लोक खेळ मध्येच का सोडतात, ते ती आकड्यांवरून शोधते. या खेपेस कारण सापडेना. सोमवारी सांगितलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार. पोर जेवेना.

मी म्हटलं, "मला विचार. मीही सोडलाय."

"का, आबा?"

"रोज खेळून साठ दिवस भरले होते. मग दत्ता गेला." दत्ता माझा धाकटा भाऊ. "तेरा दिवसांनी उघडला, तर साठाचं शून्य."

"नियमच आहे तो. एक दिवस चुकला की पहिल्यापासून."

"आमच्या पूर्णगड बंदरात खलाशाच्या घरी कोणी गेलं, तर त्याची बोटीवरची जागा कोणी काढून घेत नाही."

ती आकडे पुन्हा काढून बसली. सोडून गेलेले बहुतेक तसेच निघाले. चार दिवस चुकलेले, परत आलेले, शून्य बघून गेलेले.

कंपनीने नियम बदलला. माझे साठ परत आले.

"आता खेळाल ना?"

"मला वेळ नाही," मी म्हटलं.

काल ती आकडे बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, तुमचे बहात्तर दिवस झाले."