निजलंय म्हणे

नाही, आधी ती पिशवी खाली ठेवा, विहीणबाई, मग काय ते भांडा — तुमची लेक असेल, पण माझी सून आहे, आणि सोनोग्राफीवाल्या बाईंनी घरी जा म्हटलेलं नाही. काय म्हटलं त्यांनी? मी दारातच उभी होते. म्हणाल्या, काहीतरी गोड खाऊ दे, जरा फिरू दे, मग परत पडद्यावर बघू. आता ती पोर त्या टोकाला भिंतीला धरून फेऱ्या घालतेय, तोंडातलं बिस्कीट गिळवत नाही तिला — आणि तुम्ही इथे चपला शोधताय! म्हणे निजलंय! — हळू? मी हळू बोलले तर माझं मलाच ऐकू येत नाही. आणि तिला ऐकू गेलं तर जाऊ दे, तिच्याच पोटातल्याची गोष्ट चाललीय.

ठोके लागतायत — हो, लागतायत, मी कुठे नाही म्हणते? खोलीभर घुमले. पाणीही पुरेसं आहे म्हणाल्या. पण तेवढ्यावर भागतं का? हलायला नको? छाती खालीवर व्हायला नको? — हो, पोटात असतानाच श्वासाची तालीम करतात पोरं, त्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलंय, आल्यापासून तोच वाचतेय मी. शाळेने मला दारात उभं केलं नाही, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं लावायला शिकले, पण लावते, पक्की लावते. मूठ उघडून मिटली पाहिजे, पाय झाडला पाहिजे — प्रत्येकाला गुण आहेत. मी उभ्या जन्मात परीक्षेला बसले नाही, आणि ह्या बिचाऱ्याला बाहेर यायच्या आधीच बसवलंय! तर हे कोरा पेपर देऊन पडलंय. त्या बाई यंत्र टेकवून बसल्या होत्या, हात अवघडला त्यांचा — मूठ काही उघडली नाही. आणि तुम्ही म्हणता, निम्मं जमलं ना, झालं पास! तुमच्या घरात सगळे पहिल्या नंबराचे, इथेच बरं काठावर चालतं तुम्हाला!

काय? सकाळी तुमच्या हाताला लागलं? माहितेय. पोटावर हात ठेवून बसला होतात आणि ओरडलात, "हललं गं, हललं!" — कधी हललं? ती कुशीवर वळली तेव्हा. मी चहा घेऊन आले होते, डोळ्यांनी पाहिलं. अहो, आई वळली की तेही कलंडतं. पातेल्यातलं लिंबूसुद्धा कलंडतं पातेलं हलवलं की — म्हणून काय ते हललं म्हणायचं? तिथल्या तिथे गाडी बोलावली मी. आमचे चिरंजीव म्हणाले, आईला घाबरवायची हौसच आहे, शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून गप्प असतं. जागा कमी! पोट आहे की भाड्याची खोली?

मला कसं ठाऊक? — आहे ठाऊक, एवढंच. असतं एकेकाला. नका खोदत बसू. — चिरंजीवांच्या वेळचं नाही हो, हा तर आत असल्यापासून लाथा मारतोय, अजून मारतो. त्याच्याआधीचं. — कळत नाही म्हणजे काय, त्याच्याआधीची! मुलगी. त्यालाही ठाऊक नाही, आणि तुम्ही जीभ चालवलीत तर बघा. तेव्हा यंत्र नव्हतं. सुईणीने पोटाला नळी लावून कान दिला, म्हणाली, ठोके आहेत की, निजलंय, जा घरी. आणि सासूबाईंनी पिशवी उचलली — अश्शीच, घाईघाईने, सुटलो बाई एकदाचे म्हणत. मी गेले मागोमाग. पुढे कूस बदलली की लागायचं हाताला, कलंडायचं — आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, हलतंय, हलतंय! शेजारणींना हात लावून बघायला सांगितलं. हसत होते हो मी. — मग कळा आल्या, सुटका झाली, आणि सुईण पाठ फिरवून दुपटं गुंडाळत बसली. मीच विचारत होते, रडत का नाही, रडत का नाही. तर सासूबाई तेव्हाही तेच म्हणाल्या — निजलंय, ओरडू नकोस.

बघा, दार उघडलं. बोलावतायत तिला. सरळ चाल गं, पोरी, आलेच मी. — आणि तुम्ही अजून पिशवी धरूनच? काय पुटपुटताय — झोप झाली की उठेल? झोप झाली की आपलं आपण उठेल? — माझी अजून उठलेली नाही, विहीणबाई.