सासूबाईंची बुरशी

सून : एक विचारायचंय, आई. आमच्या प्रयोगशाळेत सायट्रिक ॲसिडचा थेंब पडला की तुमच्या तोंडातली बुरशी मरते. मग तोंडात कशी तग धरते?

सासू : माझी आहे ना! चिवट असणारच.

सून : हसू नका. प्रयोगातल्या बाकी सगळ्यांनी कवळ्या रात्रभर डबीतल्या त्या ॲसिडच्या पाण्यात भिजवल्या, त्यांची बुरशी कमी झाली. तुमची एकटीची जशीच्या तशी. आमच्या मॅडम तर हरखल्यात. म्हणतात, काहीतरी नवीनच सापडलंय.

सासू : म्हणजे माझं नाव छापून येणार?

सून : तुमचं नाही, बुरशीचं.

सासू : घ्या! पोसली मी आणि नाव तिचं. पण काय गं, ते ॲसिड लिंबातलंच ना? मग सरळ लिंबूच चोखलं तर?

सून : अजिबात नाही! जीभ आधीच सोलवटलीय. हे मोजूनमापून पातळ केलेलं असतं, तेही फक्त कवळीसाठी. तोंडाला डॉक्टरांचं औषध आहेच. पण कवळीवर बुरशीनं बिऱ्हाड थाटलं असेल, तर औषध संपलं की ती परत हजर.

सासू : आणि तिथे खाते काय गं ती?

सून : तुमचंच उरलंसुरलं. कवळीखाली ऊब, ओल, सगळी चैन. म्हणून तर रात्री काढून... आई, रात्री काढता ना?

सासू : चहा टाकू का?

सून : आई!

सासू : हळू बोल, हे आत बसलेत. नाही काढत. सकाळी डबीतलं पाणी ओतून देते.

सून : आणि मी इकडे डोकं फोडून घेतेय!

सासू : अगं, माझे दात पडले तेव्हा हे बाहेरगावी नोकरीला होते. माझं बोळकं यांनी कधी पाहिलेलंच नाही. लाज वाटते गं मला.

सून : गरम घास गिळवत नाही तुम्हाला. किती उतरलात! मला भीती वाटते, आई.

(आतली खुर्ची सरकते. सासरे वर्तमानपत्र हातात घेऊनच दारात येतात.)

सासरे : कुठाय ती डबी?

सासू : अगंबाई! ऐकत होता तुम्ही?

सासरे : झोपेत तू आ वासून घोरतेस. कवळी सुटून खाली येते. घशात जाईल म्हणून मीच बोटानं वर बसवतो.

सासू : कधीपासून?

सासरे : कवळी केलीस तेव्हापासून.

सासू : आणि एका शब्दानं बोलला नाहीत?

सासरे : तुला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी पाहिलं नाही. आण आता ती डबी. मलाही एकदा नीट झोपू दे.