सोमवार ते बुधवार

किल्लीकाका : चार वाजता. प्रार्थनेची पेटी शनिवारी चार वाजता उघडते, पोरी. आत्ता तीनसुद्धा वाजले नाहीत.

शिवणबाई : चारपर्यंत थांबता येणार नाही, काका. ह्यांना बाहेर बाकावर बसवून आलेय. सांगितलंय, गायनवृंदाच्या झग्यांची मापं घ्यायचीत, पाच मिनिटांत येते.

किल्लीकाका : मापं कसली? झगे तर गेल्या वर्षी तूच शिवलेस.

शिवणबाई : काहीतरी सांगायला हवं होतं. पेटी उघडा, माझी चिठ्ठी मला द्या, मी निघते. तुम्हाला त्रास नाही.

किल्लीकाका : त्रास मला नाही गं, पाळकांना होतो. वाच तिथे काय लावलंय. आत टाकलेली चिठ्ठी परत मिळणार नाही. त्या दूधवाल्यामुळे लावलं ते. मुलीचं लग्न ठरलं म्हणून आभाराची चिठ्ठी टाकली, आठवड्यात लग्न मोडलं, आला परत मागायला. मग पुन्हा जुळलं, आला पुन्हा टाकायला. पाळक म्हणाले, ही प्रार्थनेची पेटी आहे, दुकानाचा काउंटर नाही.

शिवणबाई : माझं पुन्हा जुळण्यातलं नाहीये.

किल्लीकाका : बस आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडे ये. पांढरी होती की पिवळी?

शिवणबाई : पिवळी.

किल्लीकाका : म्हणजे आभाराची.

शिवणबाई : सात आठवडे पांढरी टाकली. सात रविवार पाळकांनी वाचून दाखवलं, आपल्या घड्याळजींच्या डोळ्यासाठी प्रार्थना करा. शेवटी शेवटी मलाच ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघायच्या, आली हिची विनंती म्हणून. मग ह्या सोमवारी पट्टी काढली आणि त्यांना दिसलं. डावा डोळा सहा वर्षांपूर्वीच गेलेला. उरला होता तो उजवाच, आणि त्याने दिसलं. त्यांना घरी सोडलं आणि तशीच इथे आले.

किल्लीकाका : आठवतंय ना. मी झाडत होतो. तू म्हणालीस, काका, आज डाव्या खणातला कागद. मी झाडू खाली ठेवला होता तेव्हा.

शिवणबाई : गुरुवारी संध्याकाळी मला म्हणाले, दिवा का घालवलास. दिवा चालू होता.

किल्लीकाका : अरे देवा.

शिवणबाई : काल सकाळी डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याचा पडदा पुन्हा सुटलाय, म्हणाले. आता पुन्हा शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, तुम्हाला उगाच आशा लावत नाही. चांगला माणूस आहे. खाली मान घालून बोलला. आता उद्या सकाळी पाळक वाचतील, घड्याळजींना दृष्टी परत मिळाली म्हणून देवाचे आभार. सगळे आमेन म्हणतील. उपासना सुटली की हात मिळवायला रांग लागेल. आणि हे उभे राहतील तिथे, समोर कोण आहे ते न दिसता, आणि एकेकाला सांगत बसतील, नाही हो, गेली. हे मी होऊ देणार नाही.

किल्लीकाका : पाळकांच्या कानावर घाल. नाही वाचणार ते.

शिवणबाई : कानावर घातलं की ते घरी येतील. बसतील. देवाची काहीतरी योजना असेल म्हणून समजावतील. असेलही. पण मला आज कुणाची योजना ऐकायची नाही, काका. मला नुसती झोप हवीये.

किल्लीकाका : हं. थांब. ही कपाटाची. ही मागच्या दाराची. ही कशाची ते मलाही माहीत नाही, पण टाकवत नाही. ही बघ, ही पेटीची. ते दार लोट. घड्याळात किती झालेत?

शिवणबाई : तीनला पाच कमी.

किल्लीकाका : मग तेवढेच झाले असतील. आता चुकत नाही ते. दोन महिने बंद होतं. मंगळवारी घड्याळजींचा निरोप आला, घड्याळ उतरवा. बुधवारी दुपारी भिंतीवर परत. मी म्हटलं, डोळ्याला जरा आराम द्या. तर म्हणाले, आठ आठवडे आरामच केलाय.

शिवणबाई : मीही ओरडले होते. हे तीन तास भिंग लावून बसले होते. डॉक्टरांना पहिला प्रश्न मी तोच विचारला, त्या कामाने झालं का. नाही म्हणाले. कामाचा काही संबंध नाही.

किल्लीकाका : बरं झालं विचारलंस. नाहीतर ह्या घड्याळाकडे बघवलं नसतं मला. हे घे, सगळ्या टेबलावर ओततो. पांढऱ्याच पांढऱ्या. सव्वीस वर्षं ह्या चिठ्ठ्या रंगाप्रमाणे लावतोय, पिवळ्यांचा गठ्ठा कधी जाड झालेला पाहिला नाही. ही तुझीच ना?

शिवणबाई : हीच.

किल्लीकाका : ने. पण इथे फाडू नकोस. आणि एक सांगतो ते बाहेर कुठे बोलू नकोस. मीही एकदा अशीच परत घेतली होती.

शिवणबाई : तुम्ही?

किल्लीकाका : किल्ली माझ्याच कमरेला. विचारायचं कुणाला? चौदा वर्षं झाली. तुझी काकू दीड महिना दवाखान्यात होती. मंगळवारी घरी आणली. आणली तशी मी पिवळी चिठ्ठी टाकली. शुक्रवारी पहाटे ती गेली. शनिवारी चार वाजता मीच पेटी उघडली तर माझी चिठ्ठी सगळ्यात वर. खिशात घातली आणि घरी जाऊन जाळली.

शिवणबाई : बरोबरच केलंत. खोटी ठरली होती.

किल्लीकाका : मलाही तेव्हा तसंच वाटलं. मग हळूहळू आठवायला लागलं. बुधवारी मी पातेलं करपवलं. ती दारातल्या खुर्चीवर बसली होती. म्हणाली, बूड दाखवा. दाखवलं. काय बोलली मला, पोरी. दीड महिना मी नव्हते तर घराची ही दशा केलीत, पडदे कधी धुतले होते, हे नि ते, चांगला अर्धा तास. दवाखान्यात तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. ते खोटं कुठे होतं? पण ते झालं हे कुणाला माहीतच नाही. रविवारी माझं नाव वाचलं ते दुःखितांच्या यादीत.

शिवणबाई : मग नंतर टाकायचीत.

किल्लीकाका : नंतर कुठलीच टाकली नाही. पिवळी नाही, पांढरीही नाही. दुसऱ्यांच्या लावून देतो.

शिवणबाई : विश्वास उडाला?

किल्लीकाका : उडाला असता तर रोज सकाळी साडेपाचला हे दार कोण उघडतंय? उडाला नाही. आहे तिथेच बसून राहिलाय. त्यालाही वय झालंय माझ्यासारखं. हे बघ, आणखी एक पिवळी निघाली. पण हे कुठल्या भाषेत लिहिलंय?

शिवणबाई : बघू.

किल्लीकाका : ओळीवर ओळ चढलीये. मुंग्या चालल्यासारखं अक्षर.

शिवणबाई : हे ह्यांचं अक्षर आहे. घड्याळाच्या पाकिटांवर लिहायचे तसं बारीक. ही इथे कशी आली?

किल्लीकाका : असं होय. काल दुपारी आले होते ते. मी शिडीवर, खिडक्या पुसत होतो. भिंतीला हात लावत आत आले. मला कुठे ठाऊक, डोळा पुन्हा गेलाय ते. म्हटलं, जपून चालतायत. मी खाली उतरायला लागलो तर म्हणाले, असू दे, कागद मी घेतो.

शिवणबाई : मी कपडे पोचवायला गेले होते. एकटे आले? दोन गल्ल्या ओलांडून?

किल्लीकाका : आणि कागद पिवळा घेतला त्यांनी.

शिवणबाई : दिसतंय कुठे त्यांना, पिवळा का पांढरा? हाताला लागला तो घेतला. थांबा. इथे बुधवार लिहिलंय. बुधवारपर्यंत. पुढचं लागत नाही. तक्रारच असणार. बुधवारपर्यंतच का दिलंस, म्हणून.

किल्लीकाका : मग ही पांढऱ्यांत लावू?

शिवणबाई : मला काय विचारता? मला काही सुचत नाहीये. पडले तीनचे ठोके. ते वाट बघत असतील.

किल्लीकाका : पाणी पी आधी. तोंड बघ कसं झालंय. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

(काठीचा आवाज. दारात घड्याळजी.)

घड्याळजी : तीनचे ठोके पडूनही सहा मिनिटं झाली. गायनवृंद एकदम जाड झालाय काय? मापं संपतच नाहीत.

शिवणबाई : अहो, उठून कशाला आलात? पायऱ्या आहेत तिथे.

घड्याळजी : पाच आहेत. चौथी फुटकी आहे. काका, पेटीचं कुलूप वाजलं की बाहेर ऐकू येतं. तेल घाला त्यात.

किल्लीकाका : घालतो. बसा, घड्याळजी. त्या खुर्चीवर नको.

घड्याळजी : तिचा पाय हलतो, माहीत आहे. काय गं, तुझी चिठ्ठी परत घ्यायला आलीस ना?

शिवणबाई : तुम्हाला कुणी सांगितलं मी चिठ्ठी टाकली म्हणून?

घड्याळजी : सोमवारी मला घरी सोडलंस आणि चप्पल न काढता परत पळालीस. पाहिलं ना मी. तेव्हा मला दिसत होतं.

शिवणबाई : उद्या तुम्हाला दहा जणांना सांगत बसावं लागू नये म्हणून आले. दुसरं काही नाही. आणि ही तुमची निघाली. तुम्हाला पांढरा कागद हवा होता ना? हा पिवळा आहे.

घड्याळजी : पिवळाच हवा होता. पांढरा गुळगुळीत असतो, पिवळा खरखरीत. चाळीस वर्षं मी बोटांनी स्क्रू ओळखत आलोय, कागद ओळखता येणार नाही?

शिवणबाई : सकाळी डॉक्टरांनी संपलं म्हणून सांगितलं आणि दुपारी तुम्ही आभार मानायला आलात?

घड्याळजी : मागायला दम नव्हता राहिला. सात आठवडे तू मागितलंस, मी मागितलं. मागताना छातीत धडधड असते, मिळेल का नाही. आभाराला ती नसते. जे होऊन गेलं त्याचे मानायचे. ते आता कुणाला काढून घेता येत नाही, डॉक्टरलाही नाही.

शिवणबाई : पण गेलं ना सगळं.

घड्याळजी : गेलं. पण सोमवारी तुझं तोंड पाहिलं. कानामागे केस पिकलेत तुझे, मला कुणी सांगितलंच नव्हतं. बुधवारी हे घड्याळ केलं. त्याआधीचं शेवटचं खाटकाचं होतं, ते गजराचं, कोंबडा आरवतो ते. त्याच्यावरच सगळं संपलं असतं.

किल्लीकाका : त्यापेक्षा हे बरं.

घड्याळजी : बरंच बरं.

शिवणबाई : राग नाही येत तुम्हाला देवाचा?

घड्याळजी : येतो की. गुरुवारी, तू झोपलीस असं समजून, मी त्याला खूप बोललो.

शिवणबाई : मी झोपले नव्हते.

घड्याळजी : मग तुला माहीतच आहे. तुझ्यावर मी तीस वर्षांत किती वेळा रागावलो? घर सोडून कुठे गेलो?

शिवणबाई : जाणार कुठे होतात? एकट्याला चष्मा सापडायचा नाही.

घड्याळजी : इथेही माझं तेच आहे.

किल्लीकाका : घड्याळजी, तुमची चिठ्ठी पाळकांना वाचता येणार नाही पण. ओळी एकावर एक गेल्यात.

घड्याळजी : असं? मला वाटलं सरळ लिहिलंय. तू लिही गं. सोमवार ते बुधवार.

शिवणबाई : लिहिलं. पुढे?

घड्याळजी : तेवढंच.

शिवणबाई : सोमवार ते बुधवार काय? लोकांना कळायला नको?

घड्याळजी : लोकांना कुठे लिहितोय आपण?

शिवणबाई : बरं. खाली माझंही नाव घालते. माझी ती जुनी मी घेऊन जाते, काका. तिच्यावर दृष्टी मिळाली असं लिहिलंय, ते उद्या नको वाचायला. आणि एक पांढरा कागद द्या.

किल्लीकाका : पांढरा कशाला आता?

शिवणबाई : झोप मागते. दोघांसाठी.

घड्याळजी : बघ. हिच्यात अजून दम आहे.

शिवणबाई : चला, पुरे. धरा हात. चौथी पायरी तुम्हाला माहीत आहे, पण मला ती बघून पाय टाकावा लागतो. येते, काका. कुलूप लावून टाका, कुणी आलं तर तुम्हाला बोलणी बसतील.

किल्लीकाका : लावतो. जरा थांबा दोघं. लावण्याआधी मलाही एक कागद लागेल.

शिवणबाई : कुठला देऊ?

किल्लीकाका : तोच तर विचार करतोय.

घड्याळजी : तू नको देऊस, मी देतो. हात पुढे करा, काका. हा घ्या. खरखरीत आहे.