त्या दिवशी मी बोलतच राहिले

शेखभाभी, सरांची लेक नाझनीन, डॉक्टरसाहेब, आपल्या आशाताई आणि वरच्या वाड्यांमधून एवढं चालत आलेली माझी माणसं. सकाळपासून मी म्हणतेय, मला बोलायला उभं करू नका. माझ्याच्यानं होणार नाही. पण शेख सरांबद्दलची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. ती सांगितल्याशिवाय मला घरी जाता येणार नाही.

शेख सर आपल्या आरोग्य केंद्रात नऊ वर्षं आरोग्य सहायक होते. मी वरच्या उपकेंद्राची नर्स. गेल्या पावसाळ्यानंतर आपलं उपकेंद्र बंद करून खालच्या गावाला जोडायचं घाटत होतं. नगरला जिल्ह्याच्या बैठकीत आपली बाजू मला मांडायची होती. मी सोळा स्लाइड घेऊन गेले. जिल्ह्याच्या साहेबांकडे पाठ करून पडद्यावरचं वाचत सुटले. तिसऱ्या स्लाइडला ओळच चुकले, पुढे जाताच येईना. साहेब म्हणाले, "बसा. पुढचे कोण?" झालं. मी खाली बसले आणि तुमचं उपकेंद्र गेल्यात जमा झालं.

सर रागावले? नाही. एवढंच म्हणाले, "सिस्टर, सांगायचं एकच होतं. ते सोळा ठिकाणी कशाला लपवलंत?"

डॉक्टरसाहेबांनी धावपळ करून पुन्हा दहा मिनिटं मिळवली. मग रोज ओपीडी संपली की सर समोर खुर्ची टाकून बसायचे, साहेब होऊन. सोळाच्या चार स्लाइड केल्या. म्हणायचे, पहिलं वाक्य पाठ करा. पुढचं पाठ करू नका, नाहीतर एक शब्द विसरलात की सगळंच जाईल. पडद्याकडे बघू नका, माणसाकडे बघा. मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न टाकायचे. मी अडखळले की म्हणायचे, "माहीत नाही म्हणा. बघून सांगते म्हणा. थाप मात्र मारू नका." लसीकरणाच्या दिवशी तर पोरं घेऊन बसलेल्या बायांसमोर उभं केलं मला. हौसाआजी, तुम्ही होतात तिथं. तुम्हीच म्हणालात, "बाय, भेतीस कशाला? आमचंच तर सांगायचं हाय."

एकदा मी विचारलं, सर, तुम्हाला नाही भीती वाटत? त्यांनी दोन्ही हात पुढे केले. थरथरत होते. "नुसत्या विचारानं असं होतं. म्हणून तर मी बोलताना हातात कागद धरत नाही."

मग तो मंगळवार आला. सर माझ्याबरोबर आले. सगळ्यात मागे बसले. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आमच्या वाडीतल्या अडलेल्या बाईला रस्ता लागेपर्यंत दोन तास डोलीत काढावे लागतात." मग मी थांबलेच नाही. साहेबांनी एक आकडा विचारला, तो मला येत नव्हता. म्हटलं, माहीत नाही, उद्या कळवते. त्यांनी मान हलवली. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. फेरविचार करू."

बाहेर आले, तर सर पायरीवर बसलेले. कपाळावर घाम. काय झालं, सर? "गॅस झालाय. सकाळपासून पोटात काही नाही."

मी नर्स आहे हो. छातीत दुखलं, घाम फुटला, तर अंगावर काढू नका, हे मी तुमच्या दारोदार सांगत फिरते. आणि मी मान डोलावली. गॅस!

एसटीत बसलो. नगर ते संगमनेर मी बोलत होते. संगमनेर ते अकोले मी बोलत होते. मी कशी बोलले, साहेब कसे बघत होते. सर खिडकीला डोकं टेकून हसत होते. एक हात छातीवर. संगमनेरात एवढे दवाखाने. सगळ्यांच्या दारावरून गाडी गेली. भाभी, मी तो हात पाहिला. पाहिला, आणि बोलतच राहिले.

त्याच संध्याकाळी सर गेले. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाले होते, "आज सिस्टर छान बोलल्या." आणि आडवे झाले, ते उठलेच नाहीत. भाभी, तुम्ही हे मला धीर द्यायला सांगितलंत. मला ते सोसत नाही.

ज्यांनी मला बोलायला शिकवलं, त्यांना मी एक शब्द बोलायला जागा ठेवली नाही. काय करू मी या बोलण्याचं? सांगा ना कुणीतरी. काय करू?

परवा आदेश आला. उपकेंद्र आहे तिथंच राहणार. हे सांगायला मी कुणाच्याच दारी गेले नाही, पाय उचलला नाही. आज सांगते. नको, हौसाआजी, टाळी नको.

भाभी, मी माफी मागायला उभी राहिले होते. तुम्ही नाही दिलीत, तरी माझं काही म्हणणं नाही. मी तुमच्या जागी असते, तर दिली नसती.

आता सगळे उभे राहूया. ज्यांना दुवा मागायची, त्यांनी हात पसरा. ज्यांना हात जोडायचे, त्यांनी जोडा. कुणाला रडू आलं तर आवरू नका.

सर, तुमच्या सिस्टरचा सलाम.