साहेबांच्या घरचा नंबर

खोटं वाटेल तुम्हाला, पण सांगतो. नवा रायपुरातल्या आमच्या ऑफिसला बस नव्हती, अन् बसवाला ठेकेदार आमचा फोनच उचलत नसे. मग ऑफिसात नवी फोन-सिस्टीम आली. आपण फोन केला की समोरच्याला कोणता नंबर दिसावा, ते भरायचं काम माझ्याकडे. बोटांना सवय साहेबांच्या घरच्या नंबराची. तोच टाकला गेला.

ठेकेदाराने पहिल्याच घंटीला उचलला. "हुकूम सर!"

"सहा वाजता बस पाठवा."

"हव सर, अभी भेजता हूँ!"

नुसत्या नंबरात एवढी ताकद! मी फोनला हातच जोडले.

सहाला आम्ही सारे फाटकावर, बसचा पत्ता नाही. तेवढ्यात साहेब मोबाइल कानाला लावून बाहेर आले.

"अरे, बायको विचारून राहिली, आपल्या दारात रिकामी बस काहून उभी आहे?"